बाळंतिणीच्या वजनाचा हिशेब कोणी ठेवावा?



मराठीतील ‘सुटणे’ हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. मुलगी बाळंत झाली की माहेराहून निरोप येतो, ‘‘सुखरूप सुटली.’’ पाच-सहा महिन्यांनी तीच मुलगी तान्ह्याला घेऊन उपासनेला येते आणि मागच्या बाकावर कुजबुज होते, ‘‘किती सुटली आहे!’’ पहिल्या वाक्यात आभार असतात, दुसऱ्यात ठपका. भाषांतराच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला शब्दांच्या अशा जोड्या दिसल्या की त्या बाजूला ठेववत नाहीत. एकाच देहाविषयी, अर्ध्या वर्षाच्या अंतराने, एकाच शब्दात आपण आनंदाची बातमीही सांगतो आणि निकालही देऊन मोकळे होतो.

हा विषय धार्मिक मासिकात कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटेल. बाळंतपणानंतरचे वजन हा डॉक्टरांचा विषय, फार तर आहारतज्ज्ञांचा, असेच आपण मानतो. परंतु ज्या तरुण माता ह्या काळातून जात असतात त्यांच्याशी थोडा वेळ बोलले, की ध्यानात येते की त्यांना छळणारी गोष्ट केवळ काट्यावरचा आकडा नसते. ‘मी कोणाचे ऐकू?’ हा त्यांचा प्रश्न असतो. सासूबाई ताटात वाढतच असतात, कारण दूध आले पाहिजे. नणंद, शेजारीण, कचेरीतील सहकारी आणि घरातला आरसा म्हणतात, आता आवर. दोन्ही बाजू प्रेमानेच बोलतात असे धरून चालू. तरीही प्रश्न उरतोच: अंगावर पाजणाऱ्या स्त्रीच्या देहाचा हिशेब मागण्याचा अधिकार नेमका कोणाला?

प्रथम तो हिशेब काय आहे, हे पाहिले पाहिजे, कारण ह्या बाबतीत अर्धवट माहितीने पुष्कळ नुकसान केले आहे. हिटन व लीच ह्या ब्रिटिश अभ्यासकांनी १९६० च्या दशकात गरोदरपणातील वजनवाढीची जी फोड केली, ती आजही पाठ्यपुस्तकांत दिली जाते. सुमारे साडेबारा किलोंच्या वाढीत बाळाचे वजन जेमतेम साडेतीन किलो असते. वार, गर्भजल, वाढलेले गर्भाशय, वाढलेले रक्त आणि शरीरातील पाणी ह्यांचा वाटा मोठा असतो. आणि तीन किलोंहून थोडी अधिक निव्वळ चरबी असते. आपल्याकडे अनेक स्त्रियांचे वजन इतके वाढतही नाही, पण फोडीचे तत्त्व तेच. बाळंतपणात आणि नंतरच्या काही आठवड्यांत बाळ, वार व पाणी जाते; एक किलोच्या आसपास वाढलेले गर्भाशय सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्याही आत येते. मागे राहते ती मुख्यत्वे चरबी. ही चरबी आळसाने साठलेली नसते. पुढे दूध तयार करायचे आहे म्हणून शरीराने ती आधीच बांधून ठेवलेली शिदोरी असते. शिदोरी बांधणाऱ्याला आपण खादाड म्हणत नाही.

आता ह्या शिदोरीच्या खर्चाविषयी. पूर्णपणे अंगावर पिणारे बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध घेते. ते तयार करण्यास आईला रोज सुमारे ५०० उष्मांक, म्हणजे आपण ज्यांना कॅलरी म्हणतो ते, जास्त लागतात. आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तर पहिल्या सहा महिन्यांसाठी रोज ६०० कॅलरी अधिक धरल्या आहेत आणि पुढच्या सहा महिन्यांसाठी ५२०. एक किलो चरबीत ७,७०० कॅलरी असतात असे ढोबळमानाने धरतात. म्हणजे कागदावर गणित मांडले तर महिन्याला दोन किलो वजन आपोआप उतरावे. ह्याच गणितावरून मातांना सांगितले जाते, ‘‘अंगावर पाजा, वजन आपसूक उतरेल.’’

कोणाचे उतरतेही. पुष्कळ जणींचे उतरत नाही. का, ह्याचे उत्तर गूढ नाही. शरीर खर्च करते तसे मागतेही. पाजणाऱ्या आईला लागणारी भूक ज्यांनी अनुभवली आहे किंवा जवळून पाहिली आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. मध्यरात्री दोन वाजता स्वयंपाकघरात उभ्याने पोळी खाणारी सून ही चोर नव्हे. रात्री तुकड्यातुकड्यांनी झोप, दिवसभर एका जागी बसून किंवा आडवे होऊन पाजणे, पूर्वीची चालण्याची सवय मोडलेली. त्यात आपला बाळंतिणीचा खुराक: डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाची खीर, खारीक, सुके खोबरे आणि ह्या सर्वांवर तूप. साठ ग्रॅम तुपात ५४० कॅलरी असतात. दुधाचा सगळा खर्च एवढ्यानेच भरून निघतो. लाडू मोजायचे अजून बाकीच आहेत.

हा खुराक मूर्खपणाचा होता, असे मात्र मी म्हणणार नाही. तो ज्या स्त्रीसाठी निर्माण झाला ती सव्वा महिना संपला की जात्यावर, विहिरीवर, शेतावर जात होती, आणि बाळंतपणाचे हे दिवस सोडले तर तिच्या ताटात तूप क्वचितच पडत होते. वर्षाकाठी एकदाच कोणी तिला ‘तू खा’ म्हणत असे. तो लाडू म्हणजे तिच्या वाट्याची विश्रांती होती. काळ बदलला, लाडू राहिला; विश्रांती मात्र पुष्कळ घरांतून नाहीशी झाली.

आणि आता मी ज्या मुद्द्याकडे येऊ इच्छिते तो असा. ‘पाजलेस तर बारीक होशील’ हे आश्वासन देणे योग्य आहे काय? हेतू चांगला आहे, ह्यात शंका नाही. डब्याच्या दुधाचे प्रस्थ वाढले तेव्हा मातांना स्तनपानाकडे वळवणे अगत्याचे होते. १९९२ च्या कायद्याने तान्ह्यांच्या डब्याच्या दुधाच्या जाहिरातींवर बंदी घातली, तीही ह्याचसाठी. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध आणि पुढे दोन वर्षे किंवा अधिक काळ इतर अन्नासह ते चालू ठेवावे असे सांगते, आणि त्यामागची कारणे भक्कम आहेत. पण चांगल्या गोष्टीकडे माणसाला न्यायचे म्हणून तिच्या शेपटाला एक अनिश्चित बक्षीस बांधावे काय? बक्षीस मिळाले नाही की ते आश्वासन देणारा दोषी ठरत नाही. दोषी ठरते ती आई. ‘सगळ्यांचे उतरते, माझेच का नाही?’ ह्या वाक्यात जी लाज आहे ती त्या आश्वासनातून जन्मलेली आहे. बाळाला पाजणे हे बाळासाठी चांगले आहे आणि आईच्या आरोग्यालाही हितकर आहे, एवढे खरे कारण पुरेसे असताना कंबरेच्या मापाचे आमिष दाखवण्याची गरज नव्हती. सत्याला उसनी कुबडी दिली की लोक कुबडीच मोजू लागतात.

दुसऱ्या बाजूचे आश्वासन, किंबहुना धाक, ह्याहून जुना आहे. ‘‘खाल्ले नाहीस तर दूध आटेल.’’ ह्याचीही परीक्षा झालेली आहे. आपल्याच देशात डॉ. सी. गोपालन ह्यांनी १९५० च्या दशकात गरीब स्तनदा मातांचा अभ्यास केला. अपुऱ्या अन्नावर जगणाऱ्या ह्या स्त्रियांना दूध मात्र बऱ्यापैकी येत होते. पश्चिम आफ्रिकेतील गांबियाच्या केनेबा ह्या खेड्यात पाजणाऱ्या मातांना रोज जादा अन्न देऊन पाहिले गेले; दुधाचे प्रमाण त्यामुळे वाढले नाही. दूध किती यावे हे मुख्यतः बाळाच्या पिण्यावर ठरते. आता ह्यावरून ‘मग आईने कमी खाल्ले तरी चालते’ असा निष्कर्ष काढणारा घरमालक मला दिसतो आहे, म्हणून घाईने पुढचे वाक्य लिहिते. दूध आटत नाही. आटते ती आई. शरीर बाळाचा वाटा आधी काढून ठेवते आणि उरलेल्यावर स्वतः भागवते.

वाचकहो, ह्या दोन आवाजांकडे नीट पाहिले तर त्यांच्यातील साम्य ध्यानात येते. ‘खा’ म्हणणारा आवाज तिच्याकडे दुधाचा स्रोत म्हणून पाहतो. ‘आवर’ म्हणणारा आवाज तिच्याकडे दिसण्याची वस्तू म्हणून पाहतो. दोघांपैकी कोणीही ‘तुला काय हवे?’ असे विचारलेले नसते. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट ह्यांनी १७८५ साली एक कसोटी मांडली: कोणत्याही माणसाला, स्वतःला सुद्धा, केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच एक साध्य आहे हे कधी विसरू नये. कांट अविवाहित होते आणि पाळण्याच्या दोरीशी त्यांचा संबंध आला नसावा. तरीही त्यांची कसोटी बाळंतिणीच्या खोलीत जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसरीकडे पडत असेल. ‘केवळ’ हा त्यातील महत्त्वाचा शब्द आहे. आई बाळासाठी साधन असतेच, आणि आनंदाने असते. ती केवळ तेवढीच आहे असे मानले की अन्याय सुरू होतो.

लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात एक लहानसा प्रसंग आहे. गर्दीतील एक स्त्री मोठ्याने येशूच्या आईला धन्य म्हणते, पण धन्य म्हणते ते तिच्या उदराला आणि तिच्या स्तनांना. ती बाई चुकीचे बोलली नव्हती. तिच्या काळाच्या रीतीने तिने गौरवच केला होता. येशूचे उत्तर त्या गौरवाला दुसरीकडे वळवते: ऐकणाऱ्या आणि ऐकलेले पाळणाऱ्या माणसाकडे. ह्या दोन ओळींचे भाषांतर करताना शब्दांची अडचण येत नाही. अडचण येते ती स्वराची, कारण त्या उत्तरात आईला दूर सारल्याचा भास होऊ द्यायचा नसतो. मला तेथे उलट दिसते. आई ही अवयवांची बेरीज नव्हे, ती ऐकणारी, ठरवणारी, उत्तर देणारी व्यक्ती आहे, असेच तेथे म्हटले आहे.

येथे एक आक्षेप मी स्वतःच मांडते, कारण तो आपल्या मंडळ्यांतून हमखास येतो. मातृत्व म्हणजे त्याग. मग जिने देह बाळाला दिला तिने कंबरेची चिंता करावी, हा देहाचा मोह नव्हे काय? माझे उत्तर असे की त्याग करणारा आधी मालक असावा लागतो. जे माझे मानलेच गेले नाही ते मी देऊ शकत नाही. ते फक्त माझ्याकडून घेतले जाते. आणि मोहाविषयी म्हणाल, तर आपण जरा सावकाश बोलावे. गेल्या वर्षीचा ब्लाउज, आतली सगळी माया उसवूनही, दंडावर चढत नाही, तेव्हा जे वाटते ते बहुधा गर्व नसते. स्वतःची ओळख पटेनाशी झालेल्या माणसाची ती अस्वस्थता असते. एका तरुण मातेने मला सांगितले होते, ‘‘मला सुंदर दिसायचे नाही, मला मी दिसायचे आहे.’’ ह्या वाक्यात पाप शोधायला बसणाऱ्याला रिकामा वेळ फार असावा.

मात्र ‘मी’ म्हणजे कोणती मी, हा प्रश्न तिने सुद्धा स्वतःला विचारावा असे मला वाटते. ‘पूर्ववत होणे’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. ताप उतरल्यावर माणूस पूर्ववत होतो. नदी ओलांडून पैलतीरी गेलेला माणूस पूर्ववत होत नाही. तो दुसऱ्या काठावर असतो, आणि तेथे निरोगी राहणे हे त्याचे काम असते. वजन पहिल्या आकड्यावर आलेही, तरी कूस, पोटावरच्या रेषा, झोप, भीती आणि माया ह्या पूर्वीच्या राहत नाहीत. पाजण्याच्या काळात आईच्या हाडांतील कॅल्शियमसुद्धा काही प्रमाणात कमी होते आणि दूध तुटल्यावर पुन्हा भरून निघते. म्हणजे शरीराला स्वतःची एक गती आहे, आणि ती लग्नसराईच्या तारखा पाहून चालत नाही.

तरीही ‘जसे आहे तसे असू द्या’ एवढे म्हणून थांबणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. वजनाचा आरोग्याशी संबंध आहे. जिला गरोदरपणात मधुमेह झाला होता तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांहून बराच अधिक असतो. तिने बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत साखर तपासून घेतलीच पाहिजे, आणि तिच्या बाबतीत हळूहळू वजन उतरवणे हा उपचाराचाच भाग आहे. दोन बाळंतपणांच्या मध्ये उरलेले वजन पुढच्या खेपेस रक्तदाब आणि साखर दोन्ही वाढवू शकते. तेव्हा जी वजन कमी करू पाहते तिला हसू नये, आणि अडवूही नये.

ती ते पाजत असतानाच करू शकते काय? करू शकते. अमेरिकेत १९९४ साली पाजणाऱ्या मातांवर झालेल्या एका प्रयोगात नियमित व्यायामाने दुधाचे प्रमाण वा कस कमी झाला नाही. वजनही काही विशेष उतरले नाही, कारण व्यायाम करणाऱ्यांनी तेवढे अधिक खाल्ले! सन २००० मधील दुसऱ्या प्रयोगात वजन जास्त असलेल्या मातांनी, बाळ महिन्याचे झाल्यावर, आहार थोडा कमी करून व्यायामही केला. दहा आठवडे त्यांचे वजन आठवड्याला सुमारे अर्धा किलो ह्या गतीने उतरले आणि बाळांची वाढ व्यवस्थित चालू राहिली. म्हणजे घाई न करता, दूध नीट बसल्यावर, लाडू आणि तूप आटोक्यात आणून, डाळ, अंडी, मासळी, पालेभाजी न सोडता हे साधते. उपाशी राहणे, ‘फक्त सूप’, चरबी विरघळवणारी चूर्णे ह्यांपासून मात्र पाजणाऱ्या आईने दूरच राहावे.

हे सर्व लिहीत असताना दुसरी एक स्त्री माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले, तर जवळजवळ १९ टक्के स्त्रिया प्रमाणाहून कृश होत्या. निम्म्याहून अधिक, ५७ टक्के, रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. ह्या दोघी कधी एकाच बाकावर बसतात. एकीला लाडू नको झालेला आहे, दुसरीला तो मिळालाच नाही. आपण मात्र पहिलीला ‘सुटली’ म्हणतो आणि दुसरीला ‘छान सडसडीत राहिली’ म्हणून तिचे कौतुक करतो. नजरेने वजन करणाऱ्याची चूक होते ती अशी.

मराठीत आपण ‘स्तनपान’ हा शब्द पुस्तकात लिहितो. घरात म्हणतो ‘अंगावर पाजणे’. आणि दुखणे कोणाला न सांगता सोसले तर म्हणतो ‘अंगावर काढणे’. आपल्या घरांतील पुष्कळ बायका ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करीत असतात. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने कामावर परतलेल्या आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी दिली. २०१७ साली पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. स्वयंपाकघराला मात्र असा कायदा लागू नाही, आणि शेतमजूर बाईपर्यंत तो पोहोचत नाही. संध्याकाळी चाळीस मिनिटे चालून यायचे तर तेवढा वेळ बाळाला कोणीतरी घ्यावे लागते. वजनाविषयी बोलणारे तोंडे पुष्कळ असतात. बाळ घेणारे हात फार तर एक-दोन.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील हन्नेची कथा आपणांस ठाऊक आहेच. कुटुंब दरवर्षी शिलोला यज्ञासाठी जात असे. बाळ झाल्यावर हन्ना म्हणाली की त्याचे दूध तुटेपर्यंत मी येणार नाही. एवढे मोठे धर्मकर्तव्य, पण एलकानाने तिच्याशी वाद घातला नाही. तुला बरे वाटेल ते कर, अशा अर्थाचे तो बोलला आणि स्वतः निघून गेला. पुढे किती महिने किंवा वर्षे गेली ते लेखक सांगत नाही. दूध तुटण्यासाठी तेथे जो हिब्रू धातू आहे, ‘गामाल’, त्याने मला अनेकदा थांबवले आहे. मराठीत आपण दूध ‘तोडतो’. गामालचा अर्थ तोडणे असा नाही. एखाद्याला भरभरून देणे, पुरेपूर परतफेड करणे, हेही त्याच धातूने सांगतात. आणि गणनेच्या पुस्तकात अहरोनाच्या काठीला लागलेले बदाम ‘पिकले’ तेही त्याच धातूने. आपल्या भाषेत ह्या सर्वांना पुरेल असा एक शब्द नाही. म्हणून छापील पानावर ‘दूध तोडले’ असेच येते, आणि इसहाकाचे दूध तुटले त्या दिवशी अब्राहामाने एवढी मोठी मेजवानी का दिली असावी, हे वाचणाऱ्याला चटकन उमगत नाही.